हायब्रीड वर्गाच्या प्रकल्प नोंदी : आधी आवाज, मग अक्षर, चित्र शेवटी

नागपूर, पदवी महाविद्यालय, वाणिज्य शाखा. सत्र जून ते ऑक्टोबर २०२५.

१० जून

बी.कॉम. द्वितीय वर्षाचा व्यावसायिक सांख्यिकी हा ३ क्रेडिटचा विषय घेतला आहे. क्रेडिटमागे १५ तास धरले तर सत्रात ४५ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेता येईल, असे त्यात सुचवले होते. त्या हिशेबाने वरची मर्यादा १८ तासांची होते. आम्ही १२ तास पूर्ण ऑनलाइन ठेवले आहेत. बाकीचे वर्गातच होतील, पण पावसाच्या दिवसांत ते हायब्रीड होतील, म्हणजे काही मुले बाकावर आणि काही फोनवर.

हे दोन प्रकार एकाच नावाने ओळखले जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पूर्ण ऑनलाइन तास त्या मानाने सोपा, कारण सगळे सारख्याच अवस्थेत असतात. हायब्रीड तासाला दोन वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात. समोरचा वर्ग सतत डोळ्यांपुढे असतो, त्यामुळे फोनवरचा वर्ग दहाव्या मिनिटाला विसरला जातो. काटोल, उमरेड, रामटेककडून एसटीने येणारी मुले नाल्याला पूर आला की घरी अडकतात. काही जण बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीने काम करतात. फोनवरचा वर्ग यांचाच आहे, आणि वर्गात मागे पडण्याची भीतीही यांनाच जास्त असते.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ब्रायन बीटी यांनी २००६ च्या सुमारास 'हायफ्लेक्स' पद्धत मांडली. समोर बसायचे की दुरून जोडायचे, हे विद्यार्थी प्रत्येक तासाला ठरवतो, पण शिकणे दोन्हीकडे सारखेच व्हायला हवे, ही तिची अट. आमच्यापुरती ती अट अशी घेतली : बाकावर बसलेल्याला जे ऐकू येते, दिसते आणि विचारता येते, ते रामटेकच्या फोनवर पोचते का? खरेदीपासून फळ्यापर्यंतचे सगळे निर्णय याच प्रश्नावर घासून घ्यायचे. स्मार्टबोर्डचा प्रस्ताव यात टिकला नाही, तो बाजूला ठेवला.

१२ जून

डेटाचा हिशेब. बहुतेक मुलांकडे रोज १.५ जीबीचा पॅक असतो आणि तोच घरातल्या दोघा-तिघांत हॉटस्पॉटने वाटला जातो.

फक्त आवाज सेकंदाला सुमारे ६० किलोबिट घेतो. तासाला ६० × ३६०० ÷ ८, म्हणजे २७ एमबी. आवाज आणि स्क्रीन शेअर मिळून १५० किलोबिट धरले तर साधारण ६८ एमबी. ७२०पी व्हिडिओ १.२ मेगाबिटने चालला तर तासाला ५४० एमबी. तीन तास व्हिडिओ चालला की दिवसाचा पॅक संपला, आणि संध्याकाळी गृहपाठ उघडायला काही उरले नाही.

त्यामुळे क्रम ठरला. आवाज कधीही तुटता कामा नये. त्यानंतर लिहिलेले अक्षर. शिक्षकाचा चेहरा पहिली पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे, एरवी कॅमेरा बंद. मुलांनी कॅमेरा सुरू ठेवावा असा आग्रह धरायचा नाही. त्यांच्या डेटाचा प्रश्न आहे, आणि एका खोलीत चार माणसे राहतात त्या घराचाही.

१६ जून

खोली ठरली. २८ फूट × २२ फूट, चार पंखे, एक डेझर्ट कूलर, फळ्याच्या डावीकडे खिडक्या. पाऊस नीट लागेपर्यंत कूलर बंद करता येणार नाही, मुले बसूच शकणार नाहीत. तेव्हा कूलर चालू धरूनच आवाजाची व्यवस्था लावली.

लॅपटॉपचा अंगचा माइक बोलणाऱ्यापासून १.६ मीटरवर राहतो. त्यात कूलर, पंखा आणि भिंतींवरून परतलेला आवाज शिक्षकाच्या आवाजाइतकाच येतो. अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. १.६ मीटरवरून २० सेंटिमीटरवर आलो तर अंतर तीनदा निम्मे होते, म्हणजे १८ डेसिबल मिळाले. महागडा माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा कॉलर माइक जवळ लावलेला कधीही बरा.

तो लावण्याची जागा हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटर. साडी असेल तर पदराच्या विरुद्ध खांद्याकडे, कारण पदर माइकवर घासला की फोनवर वाळू ओतल्यासारखा आवाज येतो. ओढणी असेल तर पिन मारून ती माइकपासून दूर ठेवायची. मंगळसूत्र किंवा ओळखपत्राची दोरी दर पावलाला माइकवर आपटते. ओळखपत्र तासापुरते काढून टेबलावर ठेवावे, मंगळसूत्र असेल तर माइक काठाला न लावता एका बाजूला, दोन बोटे वर. दर तासाआधी १० सेकंद चालत-बोलत रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचे. हे रोज करायचे, कारण कपडे रोज बदलतात.

वायरचा कॉलर माइक घेताना पिन पाहावी. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्याला तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची घातली तर माइक ओळखला जात नाही, लॅपटॉप मुकाट्याने अंगचा माइक वापरत राहतो, आणि शिक्षकाला वाटते सगळे ठीक आहे. म्हणून मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइकचे नाव डोळ्यांनी वाचायचे, आणि कॉलर माइकवर नखाने टिचकी मारून पट्टी हलते का ते पाहायचे.

कूलर सुरू असताना मीटिंगमधले नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट दाबणारी सोय) 'जास्त'वर ठेवले की तो कूलरबरोबर स, श, फ हेही खातो. 'सरासरी'चा 'अरासरी' होतो. माइक जवळ असेल तर सप्रेशन 'कमी'वर पुरते.

१९ जून

किंचाळीचा बंदोबस्त. खोलीत एकच उपकरण बोलेल आणि तेच ऐकवेल. बाकावरच्या मुलांनी मीटिंगमध्ये शिरायचे नाही. एकाने जरी फोनचा स्पीकर सुरू ठेवून प्रवेश केला तरी आवाजाची फेरी सुरू होते आणि किंचाळी उठते. तासातल्या प्रश्नांची उत्तरे नोंदवायला त्यांना फक्त फॉर्मचा क्यूआर कोड द्यायचा.

फोनवरच्या मुलांचा आवाज खोलीत ऐकवायला ब्लूटूथ स्पीकर जोडू नये. ब्लूटूथने आवाज उशिरा येतो आणि उशीर कमी-जास्त होत राहतो. मीटिंगची प्रतिध्वनी घालवणारी यंत्रणा त्यात चुकते, आणि काटोलच्या मुलीला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. वायरने जोडलेला स्पीकर शिक्षकाच्या पाठीमागे न ठेवता पहिल्या बाकाच्या पुढे, मुलांकडे तोंड करून ठेवला.

बाकावरून आलेला प्रश्न फोनवर पोचत नाही. त्यावर यंत्र न घेता सवय ठरवली : प्रश्न शिक्षकाने आपल्या तोंडून पुन्हा म्हणायचा, मगच उत्तर. बाकावरच्यांनाही प्रश्न नीट ऐकू येतो, मागच्या रांगेला तर विशेष.

२४ जून

फळा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

आमचा फळा १२ फूट रुंद. पूर्ण फळा फोनवर आडवा दाखवला तर ३६६ सेंटिमीटर आकसून सुमारे १३.५ सेंटिमीटर होतात, २७ पट लहान. फळ्यावर २ इंची अक्षर काढले, जे शेवटच्या बाकाला व्यवस्थित दिसते, तर फोनवर ते १.९ मिलिमीटरचे होते. त्यातले घातांक आणि सिग्माखालचे अक्षर याच्याही निम्मे, म्हणजे दिसतच नाही. कॅमेरा कितीही चांगला असो, पडदा तेवढाच राहणार.

अर्धा फळा, म्हणजे ६ फूट, चौकटीत घेतला तर तेच अक्षर ३.८ मिलिमीटर होते. सुमारे ७० अंश रुंदी पाहणारा वेबकॅम त्यासाठी फळ्यापासून १.३ मीटरवर हवा, म्हणजे पहिल्या बाकाच्या जरा पुढे. यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरपर्यंत भरवशाची असते. कॅमेरा खोलीच्या मागे ठेवला असता तर वायर भिंतीच्या कडेने फिरवताना ती मर्यादा ओलांडली असती. आता ३ मीटर पुरते.

पण याहून चांगले निघाले ते कागद. ए४ कागद मधून दुमडून अर्धा आडवा ठेवला की रुंदी २१ सेंटिमीटर. वरून कॅमेरा लावला तर फोनवर तो जेमतेम दीडपट लहान होतो. ६ मिलिमीटर उंचीचे अक्षर ३.९ मिलिमीटरचे दिसते, म्हणजे साध्या वहीतल्या अक्षराला फळ्यावरच्या २ इंची अक्षराइतकी किंमत आली. हेच चित्र प्रोजेक्टरवर बाकावरच्यांनाही दिसते, दोन्ही वर्ग एकाच गोष्टीकडे पाहतात.

मांडणी : टेबलाला आवळलेला फोन-स्टँड, फोन कागदापासून ३० ते ३५ सेंटिमीटर वर, कागदाची जागा टेबलावर चिकटपट्टीने चौकोन करून आखलेली. काळे जेल पेन, १ मिलिमीटर टोक. निळे पिवळट उजेडात फिके पडते, पेन्सिल दिसत नाही. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करावेत, नाहीतर हात आत आला की चित्र धूसर होऊन पुन्हा सावरते आणि पाहणाऱ्याला गरगरते. एलईडी दिव्याखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याची फ्लिकर सेटिंग ५० हर्ट्झवर आणावी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि पुष्कळ ॲप ६० वर सुरू होतात.

कागदाचा एक तोटा आहे. फळ्यावर दहा मिनिटांपूर्वीची ओळ तशीच राहते, कागद सरकला की ती गेली. गणित करणाऱ्याला मागची ओळ लागतेच. म्हणून सूत्र आणि दिलेली माहिती फळ्याच्या एका कोपऱ्यात कायम, आणि फोनवरच्यांसाठी तेच तासाच्या सुरुवातीला फोटोने. फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि वर्गमूळाची रेघ नाहीशी होते.

३० जून

जुन्या नोट्स कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. वर्ड फाइल फोनवर उघडली की देवनागरीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे-चिन्हे दिसतात. दोन उपाय : कार्यालयातल्या संगणकावरून फॉन्ट आत भरून पीडीएफ काढणे, किंवा युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवरही दिसणाऱ्या देवनागरीत, रूपांतर. पहिला पाच मिनिटांचा आहे, पण त्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही आणि तुकडा उचलून प्रश्नपत्रिकेत टाकता येत नाही. दुसरा करताना रफार, पोटफोड्या ष आणि आकडे हमखास बिघडतात, एकेक पान वाचावेच लागते. सांख्यिकीत आकडा बिघडला तर उत्तरच बिघडले. चालू सत्राच्या चार घटकांचे रूपांतर, बाकीच्यांचे पीडीएफ.

८ जुलै

वीज. सोसाट्याचा वारा सुटला की दहा-पंधरा मिनिटे जाते. लॅपटॉप बॅटरीवर टिकतो, राउटर मरतो, आणि दुरून जोडलेला सगळा वर्ग बाहेर फेकला जातो. राउटरसाठी छोटा यूपीएस बसवला. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावे. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे, पण ९ व्होल्टचेही असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस लागतो. नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

रेकॉर्डिंग ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरने लॅपटॉपवरच करतो. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवायची. एमपी४ चालू असताना संगणक बंद पडला तर पूर्ण तासाची फाइल उघडत नाही. एमकेव्ही बंद पडण्याच्या क्षणापर्यंत शाबूत राहते. नंतर त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'रीमक्स' करून एमपी४ होते, काही सेकंदांचे काम. फक्त आवाजाची ३२ किलोबिटची प्रत वेगळी काढतो, तासाला १४.४ एमबी. एसटीत बसून ऐकणाऱ्यांना तीच सोयीची.

रेकॉर्डिंगमध्ये मुलांचे आवाज, नावे येतात. सत्राच्या सुरुवातीला लेखी संमती घेतली, फाइल वर्गाबाहेर जाणार नाही आणि निकालानंतर पुसली जाईल हे त्यात लिहिले. चर्चेच्या वेळी रेकॉर्डिंग थांबवतो. ते चालू असले की मुले बोलत नाहीत, आणि हे त्यांचे बरोबरच आहे.

१५ जुलै

ऐकू आले, दिसले, आता शिकवण्याचे.

'समजले का?' हा प्रश्न हायब्रीड तासातून काढून टाकला. बाकावरून माना हलतात, फोनवरून काहीच येत नाही, आणि शिक्षक पुढे सरकतो. त्याऐवजी दर पंधरा मिनिटांनी एक प्रश्न, ज्याचे उत्तर एका आकड्यात देता येते. पर्याय अ-ब-क-ड न ठेवता १-२-३-४. मुलांचा कीबोर्ड इंग्रजीत असतो, देवनागरीत बदलण्यात वेळ जातो, आकडा मात्र दोन्हीकडे मिळतो.

आजचा प्रश्न असा होता : एका दुकानातल्या पाच जणांचे पगार हजारांत १२, १४, १५, १६, १८. शेवटच्याचा पगार चुकून १८ ऐवजी ६८ लिहिला गेला. काय बदलेल? १) फक्त सरासरी २) फक्त मध्यक ३) दोन्ही ४) काहीच नाही.

बेरीज ७५ ची १२५ होते, सरासरी १५ वरून २५ वर जाते. मध्यक १५ च राहतो, कारण मधला माणूस जागचा हललेला नाही. चुकणारे बहुतेक ३ निवडतात. 'बेरीज वाढली म्हणजे सगळेच वाढले' हा समज त्यामागे असतो, आणि तोच बाहेर काढण्यासाठी प्रश्न असा बेतला आहे. चुकीचा पर्याय कोणत्या गैरसमजातून येतो हे सांगता येत नसेल, तर तो पर्याय ठेवू नये.

उत्तरे घेण्याची पद्धत : चॅटमध्ये आकडा लिहा, पण पाठवू नका. ४५ सेकंद थांबायचे. बाकावरच्यांनी बोटे छातीजवळ धरायची, शेजाऱ्याला न दाखवता. मग 'पाठवा' म्हटल्यावर दोन्हीकडून एकदम. असे केले नाही तर चॅटमधल्या पहिल्या उत्तराची नक्कल खाली उतरत जाते.

पुढचा निर्णय हार्वर्डच्या एरिक माझुर यांच्या 'पीअर इन्स्ट्रक्शन'मधला, जो त्यांनी १९९१ पासून पदार्थविज्ञानाच्या वर्गात वापरला. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांच्या खाली असतील तर भाग पुन्हा शिकवायचा. ३० ते ७० च्या मध्ये असतील तर मुलांना आपसात वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचे. ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे. हायब्रीडमध्ये एक भर लागते : टक्केवारी दोन्ही वर्गांची वेगवेगळी काढायची. बाकावर ८० आणि फोनवर ४० आले तर एकत्रित आकडा फसवा असतो. अशा वेळी अडचण बहुधा संकल्पनेत नसून आवाजात किंवा अक्षरात असते, आधी तेच तपासावे.

वादासाठी जोड्या बाकावर-बाकावर, आणि फोनवर तीन-तीनच्या ब्रेकआउट खोल्या, म्हणजे मीटिंगमधलेच वेगळे छोटे गट. दोन्ही मिसळून पाहिले तर बाकावरचा मुलगा फोन कानाला लावून ओरडतो आणि शेजारची जोडी बिघडते. वेळ ३ मिनिटे. ब्रेकआउटमध्ये जाण्या-येण्यात प्रत्येकी साधारण अर्धे मिनिट जाते, ते धरून. खोलीत शिरल्यावर 'आधी कोण बोलणार' यावर वेळ जाऊ नये म्हणून ज्याच्या नावाचे पहिले अक्षर वर्णमालेत आधी तो सुरुवात करेल असे ठरवून दिले.

२२ जुलै

चॅट शिक्षकाने वाचायचा नाही. पहिल्या बाकावर एक विद्यार्थी आठवड्यापुरता 'चॅटवाला' असतो. 'मॅडम, आवाज फाटून राहिला' असे आले की त्याने लगेच हात वर करायचा. विषयातला प्रश्न असेल तर पंधरा मिनिटांच्या थांब्याला वाचून दाखवायचा. एवढा फरक त्याला पहिल्या दिवशीच शिकवून ठेवला. फोनवरच्यांनाही सांगितले की आवाजाच्या तक्रारीत तीनपैकी एक शब्द लिहा : गेला, तुटतो की घुमतो. गेला म्हणजे माइक, तुटतो म्हणजे नेट, घुमतो म्हणजे खोलीतले दुसरे उपकरण. शोधायला दहा सेकंद लागतात.

अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. फोनवरच्याला आवाज पोचायला, म्यूट काढायला आणि धीर गोळा करायला आणखी वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजायचे, आणि प्रश्न आलटून-पालटून आधी फोनकडे टाकायचा.

१८ ऑगस्ट

पोळ्याचा आठवडा. पोळा, तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक. गावची मुले गावी जातात आणि मारबतीच्या दिवशी इतवारी-महाल भागातली वाहतूक वळवलेली असते. हायब्रीडचा हट्ट न धरता दोन तास पूर्ण ऑनलाइन, तेही ठराविक वेळ न ठेवता.

एका तासाचे सलग रेकॉर्डिंग टाकायचे नाही. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक काळ ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हता. आम्ही विचरणाचा (व्हेरियन्स) भाग चार तुकड्यांत केला : कल्पना, सूत्र, सोडवलेले उदाहरण, नेहमीची चूक. प्रत्येक तुकड्यानंतर दोन प्रश्नांचा फॉर्म. फॉर्म गूगलमध्ये साइन इन करूनच उघडायला सांगितले, म्हणजे नेट गेले तरी अर्धवट उत्तरे मसुदा म्हणून राहतात. शेवटचा तुकडा सगळ्यात उपयोगी, कारण त्यात सरासरीपासूनच्या विचलनांचा वर्ग (स्क्वेअर) करायचा राहून गेलेले उदाहरण दाखवले आहे. विचलनांची बेरीज शून्य येते आणि मूल अडकते, तेव्हाच व्हिडिओ थांबवून 'आता काय?' विचारले आहे.

२६ सप्टेंबर

अंतर्गत चाचणी, सगळे घरून. सगळ्यांना एकच गणित दिले तर पहिले उत्तर पाच मिनिटांत गटावर फिरते. म्हणून आकडा हजेरी क्रमांकातून घेतला : किराणा दुकानात चार दिवसांत तेलाची १२, १४, १५, १६ पाकिटे विकली गेली, पाचव्या दिवशी तुमच्या हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांइतकी. सरासरी आणि मध्यक काढा.

तपासणी सोपी राहते. क्रमांक 'क' असेल तर सरासरी (५७ + क) ÷ ५, शीटमध्ये एका स्तंभात सगळी उत्तरे तयार. मध्यक मात्र दोनच येऊ शकतात : क १४ किंवा कमी असेल तर १४, नाहीतर १५. त्याची नक्कल करता येते, म्हणून त्याला एकच गुण आणि 'क दुप्पट केला तर मध्यक बदलेल का, का?' या एका ओळीला तीन गुण. क ८ ते १४ मध्ये असलेल्यांचा बदलतो, बाकीच्यांचा नाही, त्यामुळे शेजाऱ्याचे वाक्य उचलणारा बहुधा तिथे सापडतो. उत्तर वहीत लिहून, पानाच्या कोपऱ्यात क्रमांक टाकून फोटो पाठवायचा. चाचणी २० मिनिटांची, फोटो पाठवायला वेगळी १०, आणि नेट गेलेल्यांना त्या दिवशी संध्याकाळी दुसरी खिडकी, क मध्ये ३ मिळवून.